वाट पाहण्याची वही

२०२५ च्या जुलै महिन्यात मी शंभर पानांची एक वही घेतली, पहिल्या पानावर ‘वाट पाहणे’ असे लिहिले आणि ती लॅपटॉपच्या उजव्या बाजूला ठेवून दिली. काम करता करता मशीन अडले, कर्सरच्या जागी ते गोल फिरणारे चक्र दिसू लागले, की घड्याळ पाहायचे, त्या क्षणी मी काय करत होते ते एका ओळीत लिहायचे, आधीपासून उघडून ठेवलेल्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोणाचा आलेख छताला टेकला आहे ते टिपायचे, आणि मशीन पुन्हा हलले की किती वेळ गेला ते समासात मांडायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. हे मी सलग सहा दिवस केले.

लॅपटॉप थिंकपॅड टी४२० आहे, २०११ सालच्या पिढीतला. २०१५ मध्ये मी तो घेतला तेव्हाच तो वापरलेला होता. हिंजवडीतल्या कंपन्यांकडे असे लॅपटॉप तीन-चार वर्षांच्या लीजवर येतात आणि मुदत संपली की लॉटने बाहेर पडतात. जुन्या लॅपटॉपचे दुकानदार ते उचलतात, पुसून-तपासून पुन्हा विकतात, आणि माझ्यासारख्यांना चांगल्या हाडाचे मशीन परवडणाऱ्या भावात मिळते. त्यात इंटेलचा आय५-२५२०एम हा दोन कोअरचा, म्हणजे गणना करणारे दोन भाग असलेला, प्रोसेसर होता, ४ जीबी रॅमची एकच पट्टी होती आणि ५०० जीबीची, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क होती. कीबोर्ड असा की दिवसाचे आठ तास टंकलेखन करूनही बोटे दुखत नाहीत, आणि माझे पोट बोटांवरच चालत असल्यामुळे मला ते फार मोलाचे वाटते.

मी मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर करते. सासवड, वाई, जुन्नर अशा ठिकाणच्या घराण्यांकडून वाटणीपत्रे, कर्जरोखे, वतनाचे दस्त येतात; ते मी स्कॅन करते, स्वच्छ करते, पडद्यावर मोठे करून ओळीओळीने वाचते. आठ वर्षे या मशीनने ते काम निमूटपणे केले. गेल्या दोन वर्षांत मात्र फोल्डर उघडायला, एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला, ब्राउझरमध्ये शब्दकोश पाहून परत यायला असा वेळ लागू लागला की वाचनाची तंद्रीच मोडे. मोडीत अक्षरे एकमेकांना जोडून येतात, शब्द कुठे तुटतो ते लेखकाच्या हाताच्या सवयीवरून ओळखावे लागते, आणि ती सवय डोक्यात बसलेली असतानाच पुढचे पान समोर यावे लागते. मधे अर्धा मिनिट गेला तर पुन्हा पहिल्यापासून त्या हाताची ओळख करून घ्यावी लागते.

हिंजवडीतच नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने पहिल्याच दिवशी सांगितले, “आत्या, नवीन घे. इतक्या जुन्या मशीनवर पैसे घालू नकोस.” शेजारच्यांनी प्रोसेसर बदलायला सांगितले. एका परिचिताने नुसती रॅम वाढवली की पुरे, असे ठामपणे सांगितले. तिघांचेही सल्ले आपुलकीचे होते. पण मशीन नेमके कुठे अडते आहे, हे त्यांच्यापैकी कोणी विचारले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही स्वतःला विचारले नव्हते. म्हणून ती वही.

वहीतल्या नोंदींचा अर्थ लावताना मला पुणे पुरालेखागार आठवत राहिले. तिथे पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये, म्हणजे रुमालांमध्ये, मांडण्यांवर ठेवलेले आहेत. अभ्यासकाने चिठ्ठी द्यायची, रुमाल मांडणीवरून यायचा, टेबलावर सोडायचा आणि वाचायचा, अशी तिथली रीत. संगणकाच्या आतही जवळपास हेच चालते. हार्ड डिस्क ही मांडणी, रॅम हे टेबल आणि प्रोसेसर हा वाचणारा. टेबल लहान असेल तर एक रुमाल उघडण्यासाठी दुसरा बांधून परत पाठवावा लागतो, आणि थोड्या वेळाने तोच पुन्हा मागवावा लागतो. मांडणी दूर असेल तर प्रत्येक रुमालासाठी ताटकळत बसावे लागते. अशा वेळी वाचणारा कितीही तरबेज असला तरी त्याचा बहुतेक दिवस रिकाम्या टेबलापाशी बसण्यात जातो.

सहा दिवसांची बेरीज केली तेव्हा वाट पाहण्यात सुमारे २०० मिनिटे गेल्याचे दिसले. त्यांतली १३० मिनिटे निव्वळ डिस्कच्या खात्यावर होती: मशीन सुरू होणे, फोल्डरमधली लहान चित्रे दिसणे, फाइल शोधणे. ४५ मिनिटे अशी होती की मेमरीचा आलेख पूर्ण भरलेला होता आणि संगणक मेमरीतला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवत व परत आणत होता. उरलेल्या २५ मिनिटांतच प्रोसेसर खरोखर पूर्ण ताकदीने चाललेला होता. म्हणजे मी दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणून बसवला असता, तर २०० मिनिटांतली १२ किंवा १३ मिनिटे वाचली असती. जीन अॅमडाल या संगणक-अभियंत्याने १९६७ साली जो युक्तिवाद मांडला, त्याचे सार हेच आहे: एखादा भाग कितीही वेगवान केला तरी एकूण कामात त्या भागाचा वाटा जेवढा, त्यापलीकडे फायदा जाऊ शकत नाही. ते त्यांनी अनेक प्रोसेसर एकत्र जोडण्याच्या संदर्भात सांगितले होते, पण माझ्या टेबलावरच्या मशीनला ते तंतोतंत लागू पडत होते.

तेव्हा पहिली पाळी डिस्कची आली. हार्ड डिस्कमध्ये खरोखरीची तबकडी फिरत असते आणि तिच्यावर एक काटा इकडून तिकडे सरकत असतो. मिनिटाला ५,४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती जागा काट्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. काटा त्या वर्तुळापर्यंत सरकण्याचा वेळ त्याहून अधिक. अशा रीतीने विखुरलेल्या जागांवरचे तुकडे गोळा करायचे झाले तर सेकंदाला शंभरही तुकडे मिळत नाहीत. मशीन सुरू होताना हजारो लहान फाइली अशाच विखुरलेल्या जागांवरून उचलाव्या लागतात. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर मजकूर साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारे काहीच नसते. तिथे हाच तुकडा एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हाती येतो. जाहिरातींत एसएसडीचा सलग वाचनाचा वेग ठळक छापलेला असतो, पण जुन्या लॅपटॉपला जीव येतो तो या विखुरलेल्या लहान वाचनांमुळे.

कोणती एसएसडी घ्यावी, हा प्रश्न मशीननेच सोपा केला. या पिढीत आजची एनव्हीएमई प्रकारची, अधिक वेगवान एसएसडी थेट बसत नाही; डिस्क जोडण्याच्या साटा या जुन्या पद्धतीची अडीच इंची खाच हीच इथे एसएसडीची जागा, आणि तिथला मार्ग सेकंदाला ६ गिगाबिटचा, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ५५० मेगाबाइटचा. त्यामुळे त्याहून वेगवान वस्तूसाठी पैसे मोजण्यात अर्थ नव्हता. माझ्या मशीनमध्ये एमसाटाची, म्हणजे साटाच्याच छोट्या आकाराची, एक खाचही आहे आणि तिथे छोटी एसएसडी बसवून जुनी हार्ड डिस्क जागेवरच ठेवता आली असती, पण त्या खाचेचा वेग निम्मा, सेकंदाला ३ गिगाबिट आहे. शिवाय त्या आकाराच्या एसएसडी आता बाजारात कमीच दिसतात. मी अडीच इंची ५०० जीबीची घेतली, नामांकित कंपनीची, पक्क्या बिलासह. अनोळखी नावाच्या, अविश्वसनीय स्वस्त आणि प्रचंड क्षमतेच्या वस्तूंपासून लांब राहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. त्यांतल्या काहींवर क्षमतेचा खोटा आकडा असतो, आणि खरी जागा भरल्यावर नंतर लिहिलेल्या फाइली नुसत्या नावापुरत्या उरतात. कर्जरोख्याचा मूळ कागद वाळवीने खाल्ला आणि स्कॅनही असे गेले तर काय करायचे?

उघडण्याआधी सगळ्या स्कॅनच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर घेतल्या. एक घरी ठेवली, एक बहिणीकडे सातारा रस्त्याला. एसएसडी बिघडताना हार्ड डिस्कसारखा खरखर आवाज करून आगाऊ सूचना देईलच असे नसते, त्यामुळे ही सवय एसएसडी बसवल्यावर सोडायची नसून उलट अधिक पक्की करायची असते. या मशीनमध्ये डिस्क बदलणे अवघड नाही: खालचा एक स्क्रू काढला की कडेचे झाकण निघते, रबरी पट्ट्यांमध्ये धरलेली डिस्क ओढून बाहेर घ्यायची, त्याच पट्ट्या नव्या एसएसडीला लावायच्या आणि आत सरकवायची. जुन्या डिस्कचे क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करण्याऐवजी मी सिस्टिम नव्याने टाकली, कारण दहा वर्षांत साचलेला पसारा नव्या घरात न्यायचा नव्हता. पूर्वी बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत ३ मिनिटे ४० सेकंद लागत. आता अर्ध्या मिनिटाच्या आत मी पहिली ओळ वाचत असते. जुनी हार्ड डिस्क फेकली नाही. डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी बसणारी एक कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, मिळते, तिच्यात ती बसवली. पूर्ण झालेली कामे तिथे राहतात, आणि तिथे वेगाची घाई नसते.

मेमरीचा हिशेब मला सगळ्यात उद्बोधक वाटला, कारण तो माझ्या कामावरून थेट काढता येतो. ए४ आकाराचा कागद इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केला की ४,९६० आडवे आणि ७,०१६ उभे, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या छटेला एकेक बाइट धरला तर एक पान मेमरीत १०४ मेगाबाइट जागा घेते. डिस्कवर तीच फाइल दाबून ठेवलेली असल्याने चार-पाच मेगाबाइटची दिसते आणि आपल्याला वाटते की पान हलके आहे. उघडले की ते पूर्ण उलगडते. शाईचा डाग कमी करण्यासाठी त्या पानावर आणखी दोन थर चढवले, मागे जाण्यासाठी प्रत्येक पायरीची आठवण ठेवली, की एका पानाचे अर्धा जीबी सहज होतात. दोन दस्तांतले हस्ताक्षर ताडून पाहायला मला अशी चार-सहा पाने एकदम लागतात. ४ जीबीतला दीड-दोन जीबी सिस्टिमचा, एक जीबी ब्राउझरचा, आणि पडद्याचे चित्र रंगवणारा भागही याच रॅममधून आपला वाटा घेतो. टेबलावर कोपर टेकायलाही जागा नव्हती. या हिशेबाने ८ जीबी जेमतेम पुरले असते. मी १६ ठरवले. या प्रोसेसरसाठी इंटेलने सांगितलेली कमाल मर्यादाही १६ जीबीच आहे, त्यामुळे मोह तिथेच थांबला. ज्यांचे काम पत्रे लिहिणे, मेल पाहणे आणि दहा-बारा टॅब उघडणे एवढेच आहे त्यांनी १६ साठी पैसे घालू नयेत; ८ मध्ये त्यांचे काम आरामात होईल आणि उरलेली रॅम नुसती बसून राहील.

रॅमसाठी मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. तिथे वायर, बल्ब, स्पीकर, सर्किटचे सुटे भाग आणि संगणकाच्या वस्तू यांची दुकाने इतकी लगटून आहेत की एका दुकानाचा पंखा दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला वारा घालतो. जाताना जुन्या पट्टीवरचा मजकूर वहीत उतरवून नेला होता: डीडीआर३, २०४ पिनांची लॅपटॉपची लहान पट्टी, पीसी३-१०६००, म्हणजे १,३३३ चा वेग. हा मजकूर सोबत असणे फार गरजेचे आहे. डीडीआर४ ची पट्टी या खाचेत बसत नाही, तिची कापच वेगळ्या जागी असते. १,६०० वेगाची डीडीआर३ पट्टी चालते, फक्त ती १,३३३ नेच धावते. १.३५ व्होल्टची, पीसी३एल लिहिलेली पट्टीही माझ्या १.५ व्होल्टच्या मशीनमध्ये चालते. शक्य असेल तर दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात, कारण त्या जोडीने काम करतात आणि दोन्ही वाटांनी एकाच वेळी मजकूर येतो. नव्या डीडीआर३ पट्ट्या आता फारशा दिसत नाहीत. मला मिळाल्या त्या वापरलेल्या, ८-८ जीबीच्या, एकाच बनावटीच्या.

एक खाच लॅपटॉपच्या पोटाशी आणि दुसरी कीबोर्डखाली असते. दोन्ही पट्ट्या तिरप्या धरून आत सरकवल्या, खाली दाबल्या, दोन्ही बाजूंच्या बारीक चिमट्यांचा टक् असा आवाज आला. मशीन सुरू झाले, पडद्यावर १६ जीबी दिसले, मी आनंदाने काम सुरू केले. तिसऱ्या दिवशी वाईच्या एका वाटणीपत्राचे पान उघडले तर मधल्या ओळीतून हिरव्या रंगाची एक केसासारखी रेघ गेलेली. स्कॅनर खराब झाला असे वाटले. पुन्हा स्कॅन केले तर रेघ नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या फाइलमध्ये एक चौकोनी तुकडा करडा झालेला.

तेव्हा मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेतला आणि रात्री झोपण्यापूर्वी सुरू करून ठेवला. तो मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहितो, परत वाचतो आणि फरक पडला की ओळ लाल करतो. पहाटे साडेचारला उठून पाहिले तर पडद्यावर लाल ओळींची रांग लागलेली होती, आणि प्रत्येक ओळीत तोच पत्ता, तोच एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक असा एकच आकडा. दोष पट्टीचा की खाचेचा हे ठरवण्यासाठी एकेक पट्टी एकटी, दोन्ही खाचांमध्ये फिरवून तपासावी लागते. त्यात आणखी एक दिवस गेला. एक पट्टी निर्दोष होती. दुसरी कुठेही लावली तरी लाल.

या एका बिटाने मला जितके अस्वस्थ केले तितके दोन वर्षांच्या संथपणाने केले नव्हते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, एखाद्या फराट्याने अक्षर बदलते, आणि नक्कल करणाऱ्याने एका जागी हात घसरवला तर दोनशे वर्षांनी वाचणारा वेगळेच नाव वाचतो. आम्ही नकलेची मुळाशी ताडून पाहणी करतो ती यासाठीच. इथे माझ्याच टेबलावर एक नक्कल करणारा असा बसला होता की जो चूक करतो आणि सांगतही नाही; मेमरीत चुकलेले पान मी जतन केले की चूक डिस्कवर कायमची होते. त्या पाच दिवसांत जतन केलेली सगळी पाने मी मूळ स्कॅनवरून पुन्हा केली. म्हणूनच, वापरलेली असो वा कोरी करकरीत, रॅम बसवली की एक पूर्ण रात्र तिची तपासणी केल्याशिवाय तिच्यावर काम करू नये, असे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

दुकानदार आधी म्हणाले की रॅम कधी खराब होतच नाही. मग त्यांनी खोडरबराने पट्टीचे सोनेरी दात घासून पाहिले, जे कधीकधी खरोखर उपयोगी पडते, कारण नुसत्या मळानेही संपर्क तुटतो. मी लाल ओळींचा फोटो दाखवला, पत्ता दर वेळी तोच असल्याचे दाखवले. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि आतून दुसरी पट्टी आणून दिली. ती त्या रात्री सात तास तपासली. एकही लाल ओळ आली नाही.

यानंतर राहिला प्रोसेसर, आणि इथे मोह मोठा होता. माझ्या मशीनमध्ये प्रोसेसर बोर्डाला झाळून पक्का केलेला नाही, सॉकेटात बसवलेला आहे. सपाट तोंडाच्या स्क्रूड्रायव्हरने सॉकेटचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की तो उचलून हातात येतो. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डावर झाळूनच येऊ लागले, त्यामुळे ही सोय आता इतिहासजमा आहे आणि केवळ ती आहे म्हणून वापरावीशी वाटते. पर्याय दोन होते. आय७-२६४०एम, जो माझ्या प्रोसेसरसारखाच ३५ वॉटचा, म्हणजे साधारण तेवढाच तापणारा आहे, पण त्याचे कोअरही दोनच आणि मूळ वेग २.५ ऐवजी २.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे बारा टक्क्यांचा फरक. दुसरा आय७-२६७०क्यूएम, चार कोअरचा, पण ४५ वॉटचा आणि मूळ वेग २.२. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर त्याच सॉकेटात बसतो, पण माझ्या मशीनचा मूळ बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा पायाभूत प्रोग्राम, त्याला ओळखत नाही, त्यामुळे तो विचार बाजूलाच पडला.

बुधवार पेठेतच पहिल्या मजल्यावर लॅपटॉप दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ बसतात. मी त्यांना चार कोअरच्या प्रोसेसरबद्दल विचारले. त्यांनी लॅपटॉप कानाशी नेला, पंख्याचा आवाज ऐकला आणि विचारले, “ताई, शेवटचा कधी उघडला होता?” मी म्हटले, “काका, दहा वर्षांत पंखा उघडलेलाच नाही.” त्यांनी तपमान दाखवणारा प्रोग्राम लावला आणि मला माझे सगळ्यात जड काम सुरू करायला सांगितले. मी जुन्या छापील खंडांतला मजकूर ओळखण्यासाठी टेसेरॅक्ट हा प्रोग्राम वापरते, तो सुरू केला. दोन मिनिटांत आकडा ९४ अंशांवर गेला. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. तिच्या जवळ गेला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, आणि तसा तो माझ्या डोळ्यांदेखत कमी होत होता. वहीतल्या त्या २५ मिनिटांतही मला माझ्या प्रोसेसरचा पूर्ण वेग मिळालेला नव्हता.

काकांनी स्क्रू काढून ते एका कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून त्या-त्या जागी ठेवले. पंखा उचलला तेव्हा तांब्याच्या जाळीवर धुळीचा एक सलग थर होता, घोंगडीच्या तुकड्यासारखा, चिमट्याने धरून अखंड निघणारा. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. त्यांनी ती पुसून काढली, मसुराच्या दाण्याएवढा नव्या पेस्टचा ठिपका मधोमध ठेवला आणि वरचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे-थोडे आवळले. तेच काम पुन्हा लावले. आकडा ७६ वर जाऊन थांबला आणि वेग उतरला नाही. “पंचेचाळीस वॉटचा टाकला तर पुन्हा हीच गत होईल,” एवढेच ते बोलले. मी प्रोसेसर बदलला नाही. मजकूर ओळखण्याचे काम मी रात्री लावून ठेवते. झोपेत असताना ते वीस मिनिटांत झाले काय किंवा चाळीस मिनिटांत, मला फरक पडत नाही.

ज्याचे काम व्हिडिओ संपादनाचे आहे, त्याची वही वेगळे सांगेल, हे मला मान्य आहे. दुसऱ्या पिढीचा हा प्रोसेसर एच.२६४ प्रकारचे व्हिडिओ खास भागाच्या मदतीने सहज उलगडतो, पण व्हीपी९ आणि एव्ही१ हे नंतरचे प्रकार त्याला केवळ बळावर उलगडावे लागतात. २०१३ च्या सुमारास प्रोसेसरमध्ये आलेल्या एव्हीएक्स२ या सूचना त्याला येत नाहीत आणि काही नवे प्रोग्राम त्यांच्यावाचून सुरूच होत नाहीत. तशा कामासाठी जुन्या सॉकेटात नवा जीव शोधत बसणे म्हणजे पैसा वाया घालवणे आहे. त्याने भाच्याचाच सल्ला ऐकावा. यूएसबी २.० चा माझा मार्गही संथ आहे. मोठ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर नेताना सेकंदाला तीस-पस्तीस मेगाबाइटच्या पुढे आकडा जात नाही, आणि ती नक्कल चालू असताना मी चहा करते.

२०२५ च्याच १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची नियमित मदत संपली. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्याच मशीनला घेते, त्यामुळे मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकली. मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथे आहेच, स्कॅनर चालला, शब्दकोश चालले.

एकूण खर्च साध्या नव्या लॅपटॉपच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास झाला. दिवाळीनंतर मी पुन्हा सहा दिवस वही भरली. बेरीज ३१ मिनिटे आली, आणि त्यांतली बहुतेक मिनिटे प्रोसेसरची होती.

काढून ठेवलेली ४ जीबीची पट्टी कागदात गुंडाळून खणात होती. आमच्या वरच्या मजल्यावर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा राहतो. त्याचा लॅपटॉप २०१४ चा, त्याच्या मोठ्या बहिणीचा. तो एका रविवारी खाली आला आणि म्हणाला, “काकू, तुमची ती जुनी रॅम मला चालेल का? आणि प्रोसेसरपण बदलता येतो का हो?” मी त्याच्या लॅपटॉपचे झाकण उघडून आतल्या पट्टीवरचा मजकूर पाहिला. पीसी३एल-१२८००. त्याचे मशीन १.३५ व्होल्टचे, माझी पट्टी १.५ ची. खाच सारखीच असल्याने ती आत बसली असती, पण चालली नसती. प्रोसेसर बोर्डाला झाळलेला होता. तो हिरमुसला आणि झाकण लावू लागला. मी त्याला थांबवले, त्याच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडला, आणि खणातून एक कोरी वही काढून पहिल्या पानावर तारीख घातली.